पटक्यातले फ्यूज

निजामाच्या मुलखात हुकूम म्हणावा असा दोघांचाच चाले, हैदराबादेत खुद्द हुजुरांचा आणि गेवराईच्या आमच्या कापसाच्या जिनात आतोबांचा. आणि त्यातही हुजुरांच्या हुकमावर निदान अर्ज करायची सोय होती. आतोबांच्या हुकमावर अर्ज नाही, अपील नाही, ओळख नाही, वशिला नाही. मी त्यांच्या सख्ख्या बायकोचा सख्खा भाचा. जिनात काट्यावर कापूस जोखायची माझी नोकरी त्यांच्याच शब्दावर लागलेली. तरी एकदा त्यांच्या बिजलीच्या फळीजवळ मी आपला ओला पंचा वाळत घातला, तर पंचा आणि मी दोघेही एकाच वेळी बाहेर अंगणात येऊन पडलो. त्या दुपारी आत्याकडे जेवायला बसलो तेव्हा हे गृहस्थ समोर बसून शांतपणे विचारतात, "पंचा वाळला का? वाळला आसंल तर जेव." मी भाकरी मोडली, पण पंचा वाळल्याचं सांगितल्यावरच त्यांनी आमटीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

मुळात हे घराणं नेकनूरचं, लिंगायत वाण्याचं. गूळ, मिरची, खोबरं, हळदकुंकू असलं दुकान. आतोबा गादीवर बसायचे आणि कंटाळायचे. तेवढ्यात आमच्या जिनाच्या शेठजींनी मुंबईकडे कुठेतरी बिजलीवर चालणारी गिरणी पाहिली आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आजूबाजूचे सगळे जिन इंजिनाच्या पट्ट्यावर सरळ चालत होते आणि कापसातली सरकी काही बिजली विचारीत नव्हती. पण शेठजींना बिजली पाहिजे म्हणजे पाहिजे. इंजिन, डायनॅमो आणि मोटर जालन्याच्या स्टेशनात उतरली आणि बैलगाड्यांतून निघाली. मोटरची गाडी गोदावरीच्या वाळूत आसापर्यंत रुतली. आतोबा त्या दिवशी गुळाच्या खरेदीला गेवराईत आलेले. गाव सगळं नदीवर बघायला धावलं, तसे तेही गेले, बघता बघता धोतर खोचून चाकाला खांदा लावला, आणि गाडीबरोबर जिनापर्यंत आले ते आलेच. गूळ दुसऱ्याच्या गाडीतून नेकनूरला धाडला आणि निरोप दिला, "आठ दिसांत येतो." ते आठ दिवस त्यांना जन्मभर पुरले. आत्याला शेवटी भांडीकुंडी घेऊन गेवराईलाच यावं लागलं.

यंत्राबरोबर एक म्हातारा पारशी फिटर आला होता. त्याने हंगामभर राहून आतोबांना काम शिकवलं. पहिल्या दिवशी त्याने काही शिकवलंच नाही म्हणे; नुसता आपला उजवा हात टेबलावर ठेवला. त्याची दोन बोटं नव्हती. म्हणाला, "ही राहिली ती कामासाठी. गेली ती आठवण ठेवायसाठी." आतोबा ही हकीकत सांगताना आपला हातही असाच पाटावर ठेवायचे आणि मग पाचही बोटं आहेत हे पाहून जरासे ओशाळायचे, जणू अभ्यासात काहीतरी कमी पडलंय.

फिटर जाताना सांगून गेला की फळीपाशी काम करताना हातात रबरी मोजे पाहिजेत, पायाखाली रबर पाहिजे. मोजे आले आणि पहिल्याच पावसाळ्यात उंदरांनी खाल्ले. नवे मागवायचं शेठजींच्या मनात येईना. मग आतोबांनी फिटरच्या बोलण्यातलं दुसरं एक वाक्य आठवलं, की कोरडं लाकूड आणि रेशीम यांतून करंट जात नाही. आता या दोन्ही वस्तू तुमच्या-आमच्या घरात कुठे असतात? देवघरात. दुसऱ्या दिवशी आतोबा फळीसमोर उभे राहिले ते पूजेचा रेशमी मुकटा नेसून, उघड्या अंगाने, पायांत खडावा घालून, हाताला रेशमी चिंध्या गुंडाळून. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. ते काढायचं नाही हा धर्म आणि चांदीतून करंट जातो हा फिटरचा धडा. दोन्हींची समजूत त्यांनी डबीला रेशमी चिंधीचे वेढे देऊन आणि ती पाठीवर फिरवून घालून दिली. असे खटखट करीत ते जिनात शिरायचे आणि ओरडायचे, "शिवू नगा रे कुणी." बघणाऱ्यांनी काय समजायचं? बाया डोक्यावर पदर घेऊन हात जोडू लागल्या. हमाल वाट सोडून भिंतीला लागू लागले. हळूहळू फळीपाशी झेंडूची फुलं दिसायला लागली आणि मोटरला कुणीतरी कुंकू लावलं. मी म्हटलं, "आतोबा, लोकांना खरं काय ते सांगा की." तर म्हणाले, "कावून सांगू? मी घसा कोरडा करून सांगितलं तर दोन दिस ऐकत्यात. सोवळं म्हणलं की जन्मभर लांब ऱ्हात्यात." त्यांचं हे गणित बिनतोड होतं, फक्त ते पुढे त्यांच्याच अंगावर उलटायचं होतं.

ओल्या हाताचं त्यांना इतकं वावडं की काय सांगू. खांद्यावर एक कोरडा पंचा चोवीस तास असायचा आणि तो स्वतःसाठी नव्हताच. रस्त्यात कुणी रामराम केला की आधी ते त्याचे हात बघत, ओले असले की पुसत, मग रामराम घेत. बिजली होती फक्त जिनात. उरलेल्या गावात कंदील आणि चिमण्या. तेव्हा विहिरीवरून येणाऱ्या बाईचे हात ओले असले तर जगाचं काय बिघडतं, हे आत्याने त्यांना किती वेळा विचारलं असेल. स्वतःच्या घरात रॉकेलची चिमणी, पण तिलाही ओल्या हाताने शिवायची आत्याला बंदी. माझ्या लग्नात सासऱ्यांनी माझ्या ओंजळीवर पाण्याची धार सोडली आणि ती धार थांबते न थांबते तोच मंडपातून उठून हे पुढे आले आणि माझे हात खसाखसा पुसू लागले. लग्न लावणारे जंगम स्वामी म्हणाले, "अहो, विधी चाललाय." आतोबा म्हणाले, "विधी झाला न्हवं? मग पुसू द्या." माझी बायको नवरी असूनही खुदकन हसली, आणि तिच्या घरची माणसं अजून त्या गोष्टीवरून आम्हाला चिडवतात.

पण त्यांची खरी ख्याती होती ती पटक्याची. मोटरकडे जाणाऱ्या करंटाच्या वाटेवर, फळीत, चिनीमातीचे फ्यूज असत. ते उपटून काढले की मोटर म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा. खटका कितीही दाबा, काही होत नाही. आतोबा मोटरला, पट्ट्याला किंवा जिनाच्या रुळाला हात लावण्याआधी फ्यूज काढत आणि डोक्यावरच्या पटक्याच्या घडीत खोचून ठेवत. काम संपेपर्यंत ते तिथेच. शेठजींनी एकदा त्यांना कुलपाची पेटी करून दिली. आतोबांनी ती आत्याला शेवया ठेवायला दिली. "कुलपाला किल्ली आस्ती, अन् किल्ली कुणाच्याबी हातात जाती," म्हणाले. "माझ्या पटक्याला हात घालणारा गडी अजून गेवराईत जन्मला न्हाई." आणि ते खरंच होतं. माणसाच्या डोक्यावरचं काढणं म्हणजे त्याची अब्रू काढणं. गावात मारामाऱ्या होत, डोकी फुटत, पण पटक्याला कोणी हात लावत नसे.

त्यांच्या मधल्या मुलीचं लग्न बीडला होतं आणि मोटरचं काम निम्म्यावर होतं. साहजिकच फ्यूज पटक्यात बसून लग्नाला गेले. आता आमच्याकडे व्याहीभेटीला एकमेकांना नवा पटका बांधायची रीत आहे. व्याही नवा कोरा जरीचा पटका घेऊन उभे, आणि आतोबा जुना काढायला तयार नाहीत. दोन्ही हातांनी डोकं धरून उभे. मंडपात कुजबुज सुरू झाली, की नवऱ्या मुलीच्या बापाला टक्कल लपवायचंय. शेवटी व्याह्यांनी नवा पटका जुन्यावरच बांधला आणि आतोबा लग्नभर एवढं मोठं डोकं घेऊन पाहुण्यांच्या पाया पडत हिंडले. तेवढ्यात शेठजींचा माणूस घोड्यावरून येऊन दाखल, फ्यूज द्या म्हणून. आतोबांनी त्याला आग्रहाने जेवू घातलं, वर लाडू बांधून दिले, आणि सांगितलं, "मालकाला म्हणावं मोटर अर्धी उघडी हाय. मी आलो म्हंजे ती चालंल." माणूस लाडू घेऊन परत गेला.

आणि दुसरी गोष्ट हातांची. जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, ओळीने बाया बसत आणि फिरत्या रुळापुढे मुठीमुठीने कापूस सारत. कापूस अडला की बाईचा हात आपोआप आत जातो. कितीही सांगा, जातोच. म्हणून खटका मारण्याआधी आतोबा फळीपासून आरोळी देत, "हात दाखवा." सगळ्या बायांनी दोन्ही हात डोक्याच्या वर करायचे. मग हे एकेकीचं नाव घेत ओळीवरून नजर फिरवीत, आणि एखादीचा एकच हात वर असला तर खटका मारायचा सोडून तिच्यापाशी जाऊन दुसरा कुठे आहे ते विचारीत. बायांची म्होरकी गिरजाबाई, शेतकऱ्याघरची, तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "सोयरे, हात काय घरी ठिवून आले का मी?" आतोबा म्हणायचे, "घरी ठिवला आसला तर चालंल. आत नगं." रोज सकाळी, दुपारच्या सुट्टीनंतर, पट्टा उतरला तरी, दर वेळी हे नाटक. मुनीमजी कुरकुरायचे की एवढ्या वेळात गाडीभर कापूस निघाला असता.

हे मुनीमजी मोठे भाविक. त्यांच्याच भक्तीने पुढचं सगळं घडलं.

त्या वर्षी दसऱ्याला हंगामाचा मुहूर्त होता आणि शेठजींनी साक्षात अव्वल तालुकदार साहेबांना बीडहून बोलावलं होतं. जिल्ह्याचा मालकच म्हणा ना. साहेबांनी खटक्याला हात लावायचा, बिजलीवर जिन फिरायचे, पहिला कापूस निघायचा, असा बेत. शेठजींची रात्रीची झोप उडाली होती. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आपण हत्यारं-अवजारं पुजतो; आतोबा नेकनूरला आपल्या दुकानाचा काटा पुजायला गेले होते आणि दुपारपर्यंत येणार होते. इकडे मुनीमजींच्या मनात आलं, ज्या मोटरपुढे माणूस रोज सोवळ्यात उभा राहतो ती काही नुसत्या हळदकुंकवावर भागवायची वस्तू नव्हे. त्यांनी मोटरला पंचामृताचा अभिषेक केला. दूध, दही, तूप, मध, साखर, आणि वर नारळाचं पाणी. चांगलं तांब्याने, तोंडाने मंत्र म्हणत, मोटरच्या जाळीतून आत. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. मीही होतो. मला वाटलं, हे आतोबांच्या संमतीनेच चाललं असेल.

आतोबा आले, आत शिरले आणि मोटरखाली पांढरं थारोळं पाहून तिथेच मटकन बसले. मग उठले, फ्यूज काढून पटक्यात खोचले आणि मुनीमजींना एवढंच म्हणाले, "हे कुणी केलं?" मुनीमजी म्हणाले, "तुमी रोज सोवळ्यात आस्ता न्हवं? मग देवाला सणाच्या दिवशी आंघोळ नगं का?" मी आतोबांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्यांनी इंजिन चालू करवलं, एक दिवा आणि दोन तारा घेतल्या, एक तार फळीवरून दिव्यातून मोटरच्या आतल्या गुंडाळीला नेली, दुसरी फळीवरून मोटरच्या लोखंडी अंगाला. दिवा लालसर पेटला. मला त्यांनी समजावून सांगितलं ते असं, की करंटाने मोटरच्या आतल्या गुंडाळीतून फिरावं, बाहेरच्या लोखंडाला शिवू नये. हा दिवा लागला म्हणजे ओलीतून करंट लोखंडात उतरतोय. मोटरचं लोखंड दांड्याला, दांडा जिनांना, आणि जिनांना चिकटून बाया बसलेल्या, अनवाणी, ओल्या शेणसारवणावर. हे सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. त्यांचा आवाज उतरलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

शेठजी धावत आले, दिवा पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "लागतोय की दिवा. मग ठीक हाय."

"ह्यो लागायलाच नगं हाय मालक," आतोबा म्हणाले.

"दिवा लागला तर बिगडलं, अन् न्हाई लागला तर चांगलं?"

"व्हय."

शेठजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की तुझ्या आतोबांना नेकनूरला नेऊन सोड.

मग आतोबांनी मोटर वाळवायला घेतली. आत्याच्या घरून शेगडी आणली, शेजारणींच्या आणल्या, मोटरभोवती निखारे मांडले आणि वरून घोंगड्यांचा तंबू केला. गुंडाळीला झळ लागून चालणार नाही आणि ओल तर राहून चालणार नाही, म्हणून दर थोड्या वेळाने हात घालून ऊब बघायचे. साखर-मधाला मुंग्या लागल्या होत्या, त्या पिसाने एकेक बाहेर काढल्या. आत्या आपली शेगडी शोधत आली आणि घोंगडीआड धूर पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तीन बाळंतपणं झाली माझी, कधी शेगडीला फुंकर घातली न्हाई ह्यांनी. अन् आता बघा." असं म्हणून खाली बसली आणि तीच फुंकू लागली, कारण निखारा कसा धरायचा हे तिला जास्त कळत होतं.

दसऱ्याची सकाळ उजाडली तरी दिवा मंद का होईना, लागतच होता. अंगणात तोरणं, रांगोळ्या, ताशे. आतोबांनी आंघोळ केली, गंध-भस्म लावलं, पटका नीट बांधला आणि मोटरपाशी जाऊन मांडी घालून बसले. तालुकदार साहेबांची मोटारगाडी आली. शेरवानी, तुर्की टोपी, मागे पेशकार. शेठजींनी हार घातला, अत्तर लावलं, आणि आत आणून फळीपाशी उभं केलं. बाया जिनांपुढे नव्या लुगड्यांत बसल्या होत्या. फळीत फ्यूजच्या जागी भोकं.

शेठजी आतोबांच्या कानाशी वाकले. "फ्यूज लावा."

"मोटर ओली हाय."

"एकदा फिरवू, लगीच बंद करू. साहेबांपुढं माझी लाज नगा काढू. तुमाला पुन्यांदा सांगणार न्हाई. न्हाई लावायचं तर आजपासून तुमचा अन् या जिनाचा संबंध न्हाई."

"क्या देर है, शेठ?" साहेबांनी विचारलं.

आता शेठजींचा तोल गेला. हात पुढे झाला. सगळ्यांना कळलं तो कुठे चाललाय. ताशेवाल्याची टिपरी थांबली. हात पटक्यापासून वीतभर राहिला आणि तिथेच अडला. शेठजीही गेवराईचेच होते, काही झालं तरी तो हात पुढे जाईना. तेव्हा आतोबांनी जे केलं ते आमच्यातल्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःच पटका उतरवला आणि शेठजींच्या पायांवर ठेवला. त्यांचं उघडं डोकं मी जन्मात प्रथम पाहिलं, गोरं, कपाळाच्या रंगाशी न जुळणारं. म्हणाले, "मालक, ह्यात फ्यूज हायेत. घ्या, अन् आपल्या हातानं लावा. निस्तं एक करा. गिरजाबाईला उठवा अन् तिच्या जागी तुमी बसा. जोडे काढून बसा, तीबी अनवाणीच बसती. तुमी हात दाखवले की मी खटका मारतो."

शेठजी पटक्याकडे बघत राहिले. पायावर पटका घेऊन उभं राहणं सोपं नसतं. गिरजाबाई उठली नाही, पण तिने जिनावरचा हात मात्र काढून मांडीवर घेतला. ते पाहून ओळीतल्या सगळ्या बायांनी काढून घेतले. मग शेठजी वाकले, पटका दोन्ही हातांनी उचलला, आतला फ्यूजचा टणक गोळा त्यांना लागला असणार, आणि तसाच तो आतोबांच्या डोक्यावर परत ठेवला. वेडावाकडा ठेवला, पण ठेवला.

साहेबांना मराठी बेताचंच येत होतं, पण पटक्याची भाषा त्यांना कळली असावी, कारण त्यांनी एकदम रांगोळीचं कौतुक सुरू केलं. मुहूर्त टळत चालला होता. तेव्हा गिरजाबाई म्हणाली, "माझ्या घरी सासूची चरकी हाय. हातानं सरकी काढू की. कापसाला काय कळतंय?" चरकी आली, लाकडाची, दांडा झिजलेली. हातावर फिरवायची, दोन रुळांतून कापूस पुढे आणि सरकी मागे. बिजलीच्या जिनाचा मुहूर्त जिल्ह्याच्या मालकापुढे असा सासूच्या चरकीवर झाला. साहेब म्हणाले, "वाह, बहुत खूब," आणि पेढा खाल्ला. शेठजी हसले. ते हसू मी पाहिलंय, त्यापेक्षा रडले असते तर बरं दिसलं असतं.

आतोबांना कुणी कामावरून काढलं नाही आणि ठेवलं असंही सांगितलं नाही. ते शेगड्या फुंकत राहिले. शेवटी एकदाचा दिवा लागेनासा झाला. दिवा न लागल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि तो न लागलेला दिवा पुन्हा पुन्हा दाखवला. फ्यूज लागले, बायांनी हात दाखवले, खटका पडला, जिन फिरले. कुणाला झटका नाही, ठिणगी नाही, काही नाही. त्यावर मुनीमजी पुढे कित्येक वर्षं त्यांना टोमणा मारीत, "एवढा तमाशा केला, साहेबांपुढं अब्रू घालवली, अन् झालं काय? काईच झालं न्हाई." आतोबा शांतपणे म्हणायचे, "काईच न्हाई झालं ना? तेच तर काम हाय माझं." मुनीमजींना हे कधी समजलं नाही. मलाही समजायला वेळ लागला.

पुढे शेठजी थकले, मुनीमजी गेले, गिरजाबाईच्या जागी तिची सून बसू लागली. एका हंगामात आतोबांनी संध्याकाळी मोटर दुरुस्त करून बंद केली, फ्यूज सकाळी बघून लावतो म्हणाले, घरी येऊन जेवले, आत्याशी शेवयांवरून थोडं भांडले, निजले आणि उठलेच नाहीत. सकाळी घर माणसांनी भरलं. शेठजी काठी टेकत आले आणि ओट्यावर बसले. फ्यूज कुठे आहेत हे तिथल्या एकूण एक माणसाला माहीत होतं, जिन उभा आहे हेही माहीत होतं, पण कुणी तोंडातून शब्द काढला नाही. शेठजी नुसते जमिनीकडे बघत होते. उचलायच्या आधी आत्याच पुढे झाली. तिने खुंटीवरचा पटका काढला, घडी चाचपली, फ्यूज काढून माझ्या हातात दिले आणि पटका आतोबांच्या डोक्यावर बांधून दिला. "मोटर नीट झाली हाय," म्हणाली. "काल सांगत होते. निस्तं लावायचं ऱ्हायलंय." मग देवघरात जाऊन मुकटा आणि खडावा आणल्या आणि तेही माझ्याकडे दिलं. माझे हात ओले होते, डोळे पुसल्याने म्हणा. तिने ते आपल्या पदराने कोरडे केले.

माती दिल्यावर दुसऱ्या दिवशी मी मुकटा नेसून, खडावा खटखटवत फळीपाशी गेलो. काट्यावरचा कारकून मी, मला खटक्याची काय सवय. पण शेठजी म्हणाले, तूच लाव, आणि मी फ्यूज बसवले. इंजिन सुरू होतं. आता आरोळी द्यायची होती, दोनच शब्दांची, हजारदा ऐकलेली. तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. मग मान वर करून ओळीकडे पाहिलं, तर कुणी न सांगता सगळ्या बायांनी हात वर केले होते. दोन्ही हात, डोक्याच्या वर, बोटं पसरून. गिरजाबाईच्या सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला तिने हात खाली घेतला नव्हता.

मी एकेकीचं नाव घेतलं. आवाज फुटला तसा घेतला. सगळ्या हातांची खात्री करून घेतली आणि मग खटका मारला. त्या दिवशीही काही झालं नाही.